दुसरा भाग आत्मारामदादाकडे आहे

मी, केरू धाकू तोडणकर, वय वर्षे त्र्याहत्तर, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त मेकॅनिक, मूळ गाव पूर्णगड, हल्ली मुक्काम रत्नागिरी, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. पुढे ‘स्मरणशक्ती शाबूत आहे’ असेही लिहायची रीत आहे. माणसे, व्यवहार, कोण काय बोलले, सगळे मला लख्ख आठवते. एका कादंबरीपुरती मात्र स्मरणशक्तीने दगा दिला. तो खुलासा कलम चारमध्ये येईल.

पुढच्या महिन्यात कोल्हापुरात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगू लागले, तेव्हाच मी वकील गाठला.

कलम १. राहते घर आणि बँकेतली ठेव पत्नी कमळा हिची, तिच्या पश्चात मुलगी वेदिका हिची. हे घर आधीच तिच्या नावावर व्हायला हवे होते असे कमळाचे म्हणणे आहे, आणि ते खरे आहे. ‘आता एकटी कशी राहशील’ म्हणून कोणी तिला उचलून मुंबईला नेऊ नये. जायचे तर ती स्वतः पिशवी भरील.

कलम २. पान्यांचा संच शेजारी दीपक यास द्यायचा होता. पण दीपक साक्षीदार म्हणून सही करणार आहे, आणि ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, मागाहून वाद होतात, असे वकील राजश्रीबाईंनी बजावले. म्हणून संच मी त्याला कालच हातात दिला. मिळाल्याबरोबर त्याने तो माझ्यासमोर चुकीच्या खणात ठेवला. असो.

कलम ३. माझ्या तेराव्याला भाषण नको. आमच्या गल्लीत एकाला माइक दिसला की राहवत नाही. तो कोण ते गल्लीला माहीत आहे.

कलम ४. डॉक्टरांनी घरी बसवले म्हणून माळ्यावरची पुस्तकांची पेटी काढली. तीत एका दोन भागांच्या कादंबरीचा पहिला भाग निघाला. कादंबरीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर वेदिका उद्याच नवी प्रत मागवील, आणि मला नवी प्रत नको. ही आमच्या वडिलांनी आणलेली. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असत तेव्हा थोरले बंधू आत्माराम पडवीत बसून मोठ्याने वाचायचे आणि मी ऐकायचो. मग मी एकटा पुन्हा वाचायचो आणि समासात पेन्सिलीने शेरे मारायचो.

त्यातला धाकटा भाऊ भांडून घर सोडतो. तिथे मी लिहिले आहे, ‘शाब्बास! बरोब्बर केलेस.’ थोरल्याच्या संसाराची पाने आली तिथे, ‘कंटाळवाणे. वगळली.’ तो थोरला एक नंबरचा आपमतलबी, अशीच माझी पक्की आठवण होती. या वेळी ती वगळलेली पाने मी दोनदा वाचली. आणि शाब्बासच्या खालीच हे सापडले: धाकटा रागाने अनवाणी निघतो, थोरला त्याच्या वहाणा हातात घेऊन बांधापर्यंत धावतो, आणि हाक न मारता त्या घेऊन परत येतो. छापखान्याने हे मागाहून घुसडलेले नाही. तेव्हाही ते तिथेच होते. मला तेव्हा फक्त जाणारा दिसत होता. मला फार वाईट वाटले, आणि कमळाला ते दिसले.

वडील गेल्यावर आमची वाटणी झाली. सुईसुद्धा अर्धी हवी, असे म्हणणारा मी होतो. दादा म्हणाला, मग पुस्तकाचीही कर, आणि पहिला भाग माझ्याकडे सरकवला. शेवट त्याने दाबून ठेवला असे मी तेव्हा धरून चाललो. तेव्हापासून आम्ही एकमेकांचा उंबरठा ओलांडला नाही. लग्नाकार्यात दिसलो तर दोघेही मांडवाची कनात बघायचो.

तर कादंबरीच्या शेवटी धाकटा परत येत नाही, असे मला आठवते. पण पहिला भाग मी इतका चुकीचा लक्षात ठेवला, तर दुसऱ्याचे काय सांगावे? म्हणून पूर्णगडची माझ्या हिश्श्याची नारळीची जागा आणि पहिला भाग मी आत्मारामदादास देतो. बदल्यात दुसरा भाग मला वाचायला मिळावा. हे कलम माझ्या हयातीत अमलात यावे. मृत्युपत्रात असे चालत नाही, असे राजश्रीबाई म्हणतात. तरी लिहा म्हटले, आणि दादाचा मुलगा हर्षद याच्याकरवी निरोप धाडला.

कलम ५. (हे हाताने लिहीत आहे.) वरचा मजकूर टाइप होऊन आला त्या दिवशी दादा एस.टी.ने आला. एकटा, या वयात. कमळाने चहा दिला. त्याने पिशवीतून दुसरा भाग काढून टेबलावर ठेवला. मी हात पुढे केला, तर त्याने वर आपला हात ठेवला.

“आता नाय. ऑपरेशन करून ये. मग मी वाचीन, तू ऐक.”

मग त्याने मृत्युपत्र चष्मा लावून पहिल्यापासून वाचले. कलम दोनवर हसला. कलम चार दोनदा वाचले. दुसरा साक्षीदार अजून ठरलेला नव्हता, तेवढे त्याने विचारून घेतले. कलम दोन वाचूनही का विचारतो, हे मला कळेना.

“मला जागा नको नि पुस्तकपण नको, केरू. सही कुठं करायची ती सांग.”

सबब कलम चारमधील दान रद्द. नारळीची जागा हर्षदची. पुस्तकाचे दोन्ही भाग हर्षद आणि वेदिका यांचे सामाईक. त्यांची वाटणी कधीही करू नये. शेवट काय आहे ते मला अजून माहीत नाही. दादा सांगत नाही. तो निघायच्या आधी त्याच्या वहाणा मी पायरीवर सरळ करून ठेवल्या.

हे सर्व वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

केरू धाकू तोडणकर
रत्नागिरी, दि. ९ डिसेंबर २०२४

साक्षीदार:
१. दीपक यशवंत पावसकर, शेजारी
२. आत्माराम धाकू तोडणकर, राहणार पूर्णगड, थोरला भाऊ