बुधवारचं भाषण

आई, बँकॉकला कुठलीही कॉन्फरन्स नव्हती. मी तिथे भाषण केलं नाही, स्टेजवर चढले नाही, टाळ्या तर लांबच राहिल्या. आम्ही दोघं नुसते फिरायला गेलो होतो. तुला इंग्लंडला, आमच्याकडे बेसिंगस्टोकला येऊन दोन महिने झाले होते आणि मला तुझ्यापासून आठवडाभर सुट्टी हवी होती. लिहितानाही लाज वाटते, पण खरं ते एवढंच. ‘आम्ही मजा करायला चाललोय, तू घरी थांब’ हे काही केल्या तोंडातून निघेना, म्हणून माझं हॉस्पिटल पुढे केलं, त्यांच्यातर्फे भाषणाला चाललेय म्हणून सांगितलं. तुझ्या जावयालाही मीच गप्प बसवलं.

तू पोळ्या लाटत होतीस. ऐकलंस आणि लाटणं तसंच हातात धरून वॉटफर्डच्या मावशीला फोन लावलास, “अगं, पोरगी परदेशात भाषण करणारेय!” फोनला कणीक लागली होती. मग माझ्याकडे वळून म्हणालीस, “बुधवारी ना? झालं की लगेच कळव. तोवर मी काही खाणार नाही.” मी चिडलेच. “आई, तुला डायबेटिस आहे! आणि आता काय मी शाळेत आहे?” “दहावीपासूनचा नेम आहे माझा. तू परीक्षा देऊन घरी आल्याशिवाय मी कधी घास घेतलाय का? आता मोडू?” निघताना हातावर दही ठेवलंस. मी ते चाटून मुकाट्याने टॅक्सीत बसले. तेव्हाच सांगायला हवं होतं गं.

आणि बँकॉक मला आवडलं, हेही सांगून टाकते. केवढं ते शहर! उंचावरून धावणाऱ्या ट्रेनमध्ये बसावं तर तासभर इमारतींमागून इमारती, शहर काही संपत नाही. बुधवारी आम्ही निजलेला बुद्ध पाहतो. त्याच्या प्रचंड तळपायांवर शिंपल्यांची नक्षी आहे, मी त्याचे फोटो काढत बसते. मग नदीतून होडीने फिरतो, काठावर नारळाच्या दुधातला भात आणि आंबा खातो. मी दुसरी प्लेट मागवते. इकडे तू डायबेटिसची सकाळची गोळी घेऊन नुसत्या पाण्यावर बसलेली. फोन मी केला तो गुरुवारी संध्याकाळी. “झालं?” “हो, छान झालं. काल गडबडीत विसरलेच गं.” “असू दे, दमली असशील. चल, मी वरणभात लावते.” एवढंच बोललीस, आवाजात जराही राग नव्हता.

परत आलो तर शेजारच्या बाईंनी मला दारातच गाठलं. गुरुवारी सकाळी तू आमच्या दाराशी भिंतीला धरून उभी होतीस म्हणे, घामाने ओली, हात थरथरत होते. त्यांनी बिस्किट पुढे केलं तर तू मान हलवत राहिलीस. शेवटी साखर घातलेला चहा त्यांनी जवळजवळ दटावून पाजला. “यू आर अ डॉक्टर, लव्ह,” एवढंच मला म्हणाल्या त्या. मी तुला विचारलं तर म्हणालीस, “काही नाही गं, जरा भोवळ आली. चहा प्याले मी, तेवढा नेम मोडला बघ. तुझ्या भाषणाला काही झालं नाही ना?”

तू गेल्यावर मावशी सांत्वनाला आली आणि माझा हात धरून म्हणाली, “तुझ्या त्या भाषणाचं किती कौतुक होतं तिला, भेटेल त्याला सांगायची.” मी मान डोलावली. तेव्हाही खरं सांगितलं नाही, आई.

हे मी कुणाला वाचायला देणार नाही, तुझ्या जावयालाही नाही. पण विसरले म्हणाले ना तुला, ती शुद्ध थाप होती. बुधवारी होडीतून उतरल्यावर तो म्हणाला होता, “आईंना फोन कर, उपाशी असतील.” मी म्हटलं, “उद्या करते. आज पुन्हा खोटं बोलायचा कंटाळा आलाय.”