मागच्या खोलीचे कुलूप

मी, खाली सही करणारा सुतार, वय एकसष्ट, डोके ठिकाणावर असताना व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहितो. पोलिसांचे दडपण आहे, पण ते या कागदापुरते धरू नये. सध्या जामिनावर घरी आहे, उद्या माझ्यावरचा खटला उभा राहतो.

खटला दुसरा आहे. पहिल्यात वखारीच्या मालकाचा खून माझ्या माथी मारला होता. अकरा वर्षांनी मालकाच्या भाच्याने तो कबूल केला, तो आत गेला आणि मी निर्दोष सुटलो. यंदा भाचा पॅरोलवर आला आणि त्याच वखारीत कोणीतरी त्याला ठार मारले. बोट माझ्याकडे वळायला वेळ लागला नाही.

कलम १. राहते घर लेकीला. छप्पर गळते, ते तिने आधी बघावे.

कलम २. रंधे, पटाश्या, करवती समोरच्या चहावाल्याला. त्याने त्या खुशाल विकाव्यात. दुधाने तोंड पोळलेला माणूस मी, ताकही फुंकून पितो. सुटल्यापासून कुठेही निघालो की त्याला सांगून जातो, परतलो की तोंड दाखवतो. "काका, मी काय तुमची हजेरी घ्यायला बसलोय का?" असे करवादतो, पण मान वर करून बघतो. एकाच दिवशी मी त्याला काही सांगितले नाही, आणि नेमका त्याच दुपारी भाचा मेला.

कलम ३. मेहुणीला तीन पायांचे स्टूल. चौथा पाय तिच्या शब्दाइतकाच भरवशाचा होता. त्या दिवशी मी तिच्याच घरी होतो. लेकीला पाहायला पाहुणे येणार होते आणि बाप वारला, असे मीच त्यांना सांगायला लावले होते. कोर्ट सोडते, लोक सोडत नाहीत. तरी जावई बघायची हौस आवरेना, म्हणून मागच्या खोलीत बसलो. कोणी चुकून आत येऊ नये म्हणून लेकीने बाहेरून कुलूप घातले. दार मीच केलेले, हत्तीलाही फुटायचे नाही. दिवेलागणीपर्यंत फटीतून जावयाचे गुडघे तेवढे दिसले. आता मेहुणी म्हणते, "मला त्यात ओढू नका. मी काही बघितलं नाही."

कलम ४. ते कुलूप व किल्ली लेकीला, माझ्या पश्चात. सासरी तिचा बाप अजून मेलेलाच आहे. तिने कोर्टात तोंड उघडू नये, ही सक्त ताकीद. वकिलालाही मी "घरी एकटाच होतो" असेच सांगितले आहे. मला फाशीची भीती वाटते, खोटे कशाला बोलू? पण लेकीचा संसार मोडण्याची त्याहून जास्त वाटते.

दुरुस्ती. सह्या होण्याआधी लेक आली. कागद ओढून घेऊन वाचला.

"तुम्ही गेल्यावर कुलूप घेऊन मी काय करू, बाबा? आत्ता द्या. उद्या कोर्टात लागेल."

"आणि घरी काय सांगशील?"

"सांगून आलेय. सासूबाई बोलत नाहीत. हे आलेत, पण बाहेरच थांबलेत."

सबब कलम ४ रद्द. सदर वस्तू लेकीने माझ्या हयातीतच मागून नेल्या.

साक्षीदार: १. चहावाला. २. कोपऱ्यावरचा न्हावी.

स्थळ: माझे घर, दार सताड उघडे. दिनांक: खटल्याचा आदला दिवस.

सही करताना उंबऱ्याशी कोणी येऊन उभे राहिले. मी खाली मान घालून लिहीत होतो. गुडघे ओळखले.

(सही) सुतार