आलेच

१२ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की तू फोन उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर शिलाई मशीन चालू आहे म्हणून ठेवून देतेस. पत्र काही मशीनच्या आवाजात बुडत नाही, तेव्हा आता वाच मुकाट्याने.

आजीला जाऊन महिना होत आला. इस्पितळात ज्या आजाऱ्यांचं कोणीच नसतं त्यांच्या खाटेशी बसायला ती जायची, तिथल्या तिच्या सोबतिणींनी या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आठवणींची सभा ठेवली आहे. घरातर्फे मी बोलायचं असं ठरलंय. आईला विचारलं तर तिचे डोळेच भरून येतात. म्हणाली, मावशीला विचार, तिच्या सगळं लक्षात असतं. मला ठाऊक असलेली आजी म्हातारपणची. गुडघे धरत प्रार्थनेला बसणारी, माझी वेणी जराशी वाकडी झाली की सोडून पुन्हा घालणारी. तुमच्या लहानपणी ती कशी होती, ते चार ओळींत कळव. आणि सभेला ये गं. तू नसलीस तर मी कोणाकडे बघून बोलू? पहिल्या रांगेत तुझी खुर्ची धरून ठेवते.

लोभ आहेच, पण हल्ली तो आटल्यासारखा वाटतो, तेवढा वाहता ठेव.

तुझी,
खारूताई


१५ जून

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चार ओळी हव्यात? घे. आधी देव, मग इस्पितळ, मग उरलंसुरलं आमच्या वाट्याला. तीनच झाल्या, चौथी तू भर.

तुझी वेणी सोडून पुन्हा घालायची म्हणे! ऐकावं ते नवलच. अगं, घरातून निघताना ती जाते असं कधी म्हणाली नाही. ते आपल्यात कोणीच म्हणत नाही, पण हिचं येतेसुद्धा नसायचं. हिचं आपलं आलेच. चपला सरकवता सरकवता, आलेच हं! तुझी आई शहाणी, स्वतःची वेणी स्वतः घालून मोकळी व्हायची. मी खुळी. आलेच म्हणजे आत्ता येणार, असं धरून कंगवा नि रिबीन घेऊन खिडकीत बसायची आणि तिथेच झोपून जायची. सकाळी बघावं तर बाईसाहेब डोळे मिटून प्रार्थनेला बसलेल्या. प्रार्थनेत हाक मारायची नाही, हा घरचा कायदा.

शेवटी एक दिवस मीच कात्री घेतली आणि केस कापून टाकले. शाळेत सगळ्या फिदीफिदी हसल्या. आई काय म्हणाली माहितेय? बरं झालं, सुटसुटीत झालं. तेव्हा हातात आलेली कात्री अजून सुटलेली नाही माझ्या.

सभेत सगळे तिला देवमाणूस म्हणतील. होतीच ती. पण देवमाणसाच्या पोटी जन्म घेऊन बघा म्हणावं. दिव्याखाली अंधार असतो, आणि आम्ही तिथेच वाढलो. हे बोलणार आहेस का तू तिथे? नाही ना? मग मला कशाला बोलावतेस? गणवेशांची काजं करायची पडलीत, पुरे करते.

तुझ्यावर राग नाही. खात-पीत जा.

तुझी मावशी


१८ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला दाखवलं नाही. पण ते वाचून राहवेना, म्हणून सोबतिणींच्या प्रमुख बाईंना भेटले. त्यांनी सांगितलं ते तुला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही.

सेवेला नवीन बाई आली की आजी तिला पहिला नियम शिकवायची. खाटेपासून उठताना आजाऱ्याला आलेच म्हणायचं नाही. येते असंही नाही. मी आता जाते, आज परत येणार नाही, असं सरळ सांगायचं. बायका बिचकायच्या, मरणाच्या दारातल्या माणसापुढे जाते हा शब्द काढायचा तरी कसा! मग आजी सांगायची की माझी धाकटी आलेच ऐकून खिडकीत बसायची. एकदा मी परतले तर पोर तिथेच झोपलेली, कंगवा मुठीत इतका घट्ट धरलेला की त्याचे दात तळव्यात रुतलेले. वाट बघणाऱ्याला खोटं सांगू नये. हे सांगताना दर वेळी तिचा गळा दाटून यायचा म्हणे.

मावशी, तिला कळलं होतं गं! ती तुला विसरली नव्हती. मी तर बाईंसमोरच रडले. आता तरी राग सोडशील ना? ही गोष्ट मी सभेत सांगू का? आणि येशील ना? खुर्ची अजून तुझीच आहे.

उत्तराची वाट बघणारी,
खारूताई


२० जून

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मशीन बंद करून वाचलं. तुला वाटलं, माझा राग उतरेल. भाबडी आहेस.

आजवर मी स्वतःची समजूत घालत आले की तिला कळलंच नसेल. इतकी माणसं, इतकी कामं, त्यात एका पोरीच्या वेणीचं काय लक्षात राहणार? ज्याला कळलंच नाही त्याच्यावर माणूस रागावून रागावून किती रागावणार? अर्धीअधिक माफ केली होती मी तिला. तू येऊन सांगतेस, तिला कळलं होतं. म्हणजे माझ्या मुठीतला कंगवा तिने सोडवला, त्यातून धडा घेतला, आणि तो जाऊन परक्यांच्या खाटांशी गिरवला. मला दुसऱ्या दिवशी पुन्हा आलेच! त्या बायकांपुढे दर वेळी गळा दाटायचा, माझ्यापुढे एकदा दाटला असता तर तिचं काय गेलं असतं गं?

कंगव्याची गोष्ट सांगायची तर खुशाल सांग. पण कापलेल्या केसांसकट सांग. ऐकणाऱ्यांसाठी सुटसुटीत करू नकोस.

आणि मी येणार नाही. बघते, जमवते, असलं काही लिहीत नाही. खुर्ची धरून ठेवू नकोस, दुसऱ्या कोणाला तरी बसू दे. वाट बघणाऱ्याला खोटं सांगू नये, ही तिचीच शिकवण. पोचली बाई एकदाची लेकीपर्यंत.

तुझ्यावर लोभ आहे आणि राहील. फक्त तिच्या नावाने तो मागू नकोस.

तुझी मावशी