खालचा मजला विठाबाईला

लिहून ठेवणार सरोजिनी यज्ञेश्वर निगुडकर, वय ६९, निवृत्त शिक्षिका, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर. माझी बुद्धी शाबूत आहे, डोळे-कान ठीक आहेत आणि जीभ पूर्वीपेक्षा तिखट आहे. कुणाच्या धाकाने वा भुलवणीने नव्हे, स्वखुशीने हे लिहीत आहे. सर्व काही चिरंजीव वसंत यास देणारे माझे आधीचे मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे.

कलम १. घर माझ्या पगारातून बांधलेले, स्वकष्टार्जित आहे. यजमान गेले तेव्हा वसंत चार वर्षांचा होता. मी दोन पातळांवर वर्षे काढली, एकच चप्पल तीनतीनदा शिवून घेतली, रिक्षात बसले नाही. पण खाण्यात हात आखडला नाही. रविवारी चालत लक्ष्मीपुरीच्या बाजारात जायचे. मिरची संकेश्वरचीच आणि तांदूळ आजऱ्याचा घनसाळच, तोही मूठभर हातात घेऊन वास पाहिल्याशिवाय नाही. दुकानदार बाळासो आत ओरडायचा, “बाई आल्यात, चांगलं पोतं फोडा!” वसंत याच भातावर इंजिनिअर झाला.

कलम २. गेल्या माघात माझा पाय मोडला. दोन महिन्यांनी काठी टेकत दुकानी गेले, तर बाळासो मान खाली घालून म्हणाला, “बाई, माफ करा. वसंतराव सांगून गेल्यात, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय, काय देऊ नका म्हणून.” दुकानात माझ्या तीन जुन्या विद्यार्थिनी उभ्या होत्या. मी रिकामी पिशवी घेऊन परत आले.

घरी जाब विचारला. वसंत म्हणाला, “आई, या वयात जिभेला आवर घालावा. लोक हसतात.” सुनेने कोठीच्या खोलीला कुलूप लावले. त्याच आठवड्यात वसंतचे साहेब वरच्या मजल्यावर जेवायला आले. माझ्या घनसाळचा वास जिन्यावरून खाली आला. मला मात्र रेशनच्या तांदळाची पेज आली. ती मी प्याले. विसरले नाही.

कलम ३. विठाबाई आकाराम सुतार ही वीस वर्षे आमची वर्षाची चटणी कांडून देते. हे कानावर जाताच ती भाकरी आणि चटणी घेऊन आली. एक घास घेतला आणि मी म्हटले, “मीठ कमी आहे. आणि यात संकेश्वरीबरोबर ब्याडगी मिरची मिसळली आहेस.”

“कोण म्हणतंय याड लागलंय?” ती म्हणाली. “गिऱ्हाइकांत कुणाच्या ध्यानात आलं न्हाय, तुमच्या आलं की!”

सबब खालचा संपूर्ण मजला विठाबाईस देत आहे. पोस्टातील माझ्या ठेवीतून तिने तेथे मिरची कांडायचा डंक बसवावा. वसंतची झोपायची खोली बरोबर त्याच्या वर येते, हे मला ठाऊक आहे. मुद्दामच करीत आहे.

कलम ४. वरचा मजला वसंतला. आईने बेघर केले असे पेठेत कुणी म्हणू नये. परंतु डंकाच्या आवाजाबद्दल वा मिरचीच्या खकाण्याबद्दल त्याने दावा केल्यास वरचा मजलाही विठाबाईचा होईल. सुनेस कोठीचे कुलूप देते. किल्ली मी रंकाळा तलावात टाकली आहे.

कलम ५. बाळासोने माझी पिशवी रिकामी परत पाठवली. त्याची शिक्षा म्हणून मी त्याला या कागदावर साक्षीदार केले आहे. “बाई पूर्ण शुद्धीवर आहेत” हे वाक्य त्याच्याकडून दोनदा लिहून घेतले. पहिल्यांदा त्याने ऱ्हस्वदीर्घ चुकवले होते.

कलम ६. लहानपणी चटणीच्या दिवसांत वसंतला ठसका लागला की मी त्याच्या तोंडात गुळाचा खडा घालायचे. यापुढे त्याने जिना उतरून विठाबाईकडे मागावा. ती देईल, तसे मी तिला बजावले आहे. पण आधी त्याने मागितले पाहिजे.

सही : सरोजिनी यज्ञेश्वर निगुडकर
साक्षीदार : १. बाळासो पिराजी मगदूम, दुकानदार (बाई पूर्ण शुद्धीवर आहेत.)
२. कृष्णात गणपतराव चौगुले, शेजारी
कोल्हापूर, दिनांक १२ नोव्हेंबर १९८२