दादा डॉक्टरांनी वर्गात बसावे

मी, खाली अंगठा उठवणारी, वय अडुसष्ट, धंदा पुस्तकबांधणी, विधवा, एका मुलीची आई आणि एका डॉक्टरची धाकटी बहीण, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शरीराबद्दल तसा दाखला कुणी देणार नाही. दोन्ही हातांची बोटं करंगळीकडे कलली आहेत, उजवा खुबा धातूचा आहे, डोळ्यांत भिंगं बसवली आहेत. मला लिहितावाचता उत्तम येतं. दुसऱ्यांची पुस्तकं शिवण्यात माझा जन्म गेला. पण पेन धरवत नाही, म्हणून अंगठा. तो बघून मला कुणी अडाणी समजू नये. मी सांगते आहे आणि वकिलांचा कारकून टाइप करतो आहे. मधूनच तो थांबून माझ्याकडे बघतो. हेही त्याने टाइप करावं.

याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी फारच चांगली बाई होते.

कलम १. दुकानात नवऱ्याचा फोटो आहे, तो उतरवावा. खिळा चांगला आहे, तो ठेवावा.

एकेचाळिसाव्या वर्षी माझे हात सकाळी आखडायला लागले. मुठी उघडायला दीड तास जायचा. केस विंचरता यायचे नाहीत, कपाची कडी धरता यायची नाही. नवरा जिन्याखालून हाक मारायचा, "महाराणी, दर्शन कधी?" दुकानातली गिऱ्हाईकं हसायची. त्यांच्याबरोबर मीही हसायचे, हे मला आजही सगळ्यांत जास्त लागतं. तो गेला तेव्हा मी रडले नाही. रडले असते तर डोळे पुसायला हात वर जायला हवा होता.

कलम २. आईवडिलांच्या घरात माझा अर्धा हिस्सा आहे. त्या घरात माझा मोठा भाऊ राहतो. खालच्या खोलीत त्याने छत्तीस वर्षं दवाखाना चालवला आणि सगळी वस्ती त्याला दादा डॉक्टर म्हणते. हिश्शाचं काय करायचं ते कलम ५ मध्ये आहे. आधी तो हिस्सा असा का द्यावासा वाटला ते सांगते, कारण हे वाचलं जाईल तेव्हा मी उत्तरं द्यायला नसेन.

हात मी पहिल्यांदा दादालाच दाखवले. त्याने रक्त तपासायला पाठवलं आणि आठवड्याने म्हणाला, काही विशेष नाही, वात आहे, या गोळ्या घे आणि कामाला लाग. बारीक पांढऱ्या गोळ्या. तिसऱ्या दिवशी हात मोकळे झाले. मी त्याच्या पाया पडले. पुढे नऊ वर्षं तो गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देत राहिला आणि मी गिळत राहिले. माझा चेहरा गोल झाला. तब्येत सुधारली म्हणून बायका कौतुक करायच्या. बोटं मात्र हळूहळू वाकत होती. दादाला विचारलं की म्हणायचा, वय झालं. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते.

मग एका सकाळी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माझा खुबा मोडला. पडले म्हणून मोडला नाही. मोडला म्हणून पडले. इस्पितळात विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? मी म्हटलं, दादाच्या पांढऱ्या. नाव विचारलं. मला नाव माहीत नव्हतं. नऊ वर्षं रोज गिळलेल्या गोळीचं नाव मला माहीत नव्हतं. ते स्टेरॉइड होतं, त्यानेच हाडं पोखरली होती. दुखणं दबलं होतं आणि खाली सांध्यांचा आजार सुखाने आपलं काम करत होता.

कलम ३. माझ्या हातांचे सगळे एक्स-रे, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, सांध्यांच्या विभागातल्या नर्सबाईंना, त्यांच्या वर्गासाठी. कौतुकासाठी नव्हे, शिकवण्यासाठी वापरावेत.

नर्सबाई दर गुरुवारी लिफ्टशेजारच्या व्हरांड्यात आम्हा रुग्णांचा वर्ग घेतात. खोली कधी मिळाली नाही. एकूण बारा धडे. प्रत्येक गोळीचं नाव पाठ करायचं. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी चुकूनही रोज घ्यायची नाही, जीव जातो. ताप आला तर वाट बघायची नाही. बरणीचं झाकण बोटांनी नाही, तळहाताने फिरवायचं, ओझं पंजावर नाही, कोपरापासूनच्या हातावर घ्यायचं. हे मला एकेचाळिसाव्या वर्षी कळलं असतं तर आज अंगठा उठवावा लागला नसता.

त्यांनी माझी एकच फाइल केली. हाडांचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर, व्यायाम शिकवणाऱ्या बाई, सगळ्यांनी त्याच फाइलीत लिहायचं. कुणी लिहिलं नाही तर नर्सबाई फोन करून त्याच्या डोक्यावर बसायच्या. तोवर माझ्या शरीराचे तुकडे वेगवेगळ्या लोकांकडे होते आणि अख्खी मी कुणाकडेच नव्हते.

फाइलीसाठी जुने कागद हवे होते. नर्सबाईंनी दादाला दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. शेवटी त्याच्या कंपाउंडरने जुन्या कागदांचं बासन आणून दिलं. त्यात माझा रक्ताचा पहिला रिपोर्ट निघाला. आजार कुठला ते त्यात तेव्हाच स्पष्ट होतं. समासात दादाच्या अक्षरात लिहिलं होतं: "सांगू नये. घाबरेल."

मी काठी टेकत त्याच्या घरी गेले. तो पेपर वाचत होता. रिपोर्ट त्याच्यापुढे ठेवला. त्याने चष्मा लावून वाचला आणि घडी घालून परत दिला.

"घाबरली असतीस," तो म्हणाला. "आणि मी तुला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवली असती तर लोक काय म्हणाले असते? सख्ख्या बहिणीला बरं करता येत नाही?"

पहिलं वाक्य मी कदाचित माफ केलं असतं.

कलम ४. दुकान, वरची राहती जागा, दाबयंत्र, सुया, आऱ्या आणि उरलेला पुठ्ठा माझ्या मुलीला. तिला तिसाव्या वर्षी माझाच आजार झाला. बोटांची सूज दिसल्यावर नर्सबाईंनी तिला दहा दिवसांत डॉक्टरांपुढे उभं केलं. औषध चालू झालं, वर्ग झाला. आज तिची बोटं सरळ आहेत आणि तिची शिलाई माझ्यापेक्षा बारीक आहे. हिची बोटं बहुधा वाकणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले त्या दिवशी मी बाहेर जाऊन रडले. मुलीला वाटलं, आनंदाने. तसं नव्हतं. मला पोटच्या पोरीचा हेवा वाटला. हे तिला माझ्यामागे कळलेलं बरं. समोर सांगितलं असतं तर तिने माझी समजूत घातली असती, आणि ती मला सोसवली नसती.

कलम ५. कलम २ मधला माझा हिस्सा दादाला मिळावा, परंतु एका अटीवर. त्याने बारा गुरुवार नर्सबाईंच्या वर्गात रुग्णांमध्ये बसावं आणि प्रत्येक वेळी उभं राहून तो रिपोर्ट समासासकट मोठ्याने वाचावा. एक गुरुवार चुकला तरी हिस्सा विकून वर्गासाठी खोली बांधावी. मग उरलेल्या अर्ध्या घरात त्याने कसं राहायचं ते त्याने बघावं.

वकील म्हणाले, अट कोर्टात टिकेलच असं नाही. मी म्हटलं, टिकली नाही तरी वाचली जाईल.

नर्सबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं काम थांबवलं. "माझ्या वर्गात लोक शिकायला येतात," त्या म्हणाल्या. "शिक्षा भोगायला नाही. आणि असल्या खोलीत मी शिकवणार नाही." मला त्यांना या मृत्युपत्राची व्यवस्था बघायला नेमायचं होतं. त्यांनी नकार दिला, म्हणून ते काम वकिलांकडे दिलं आहे. मुलीने एवढंच विचारलं, "आई, त्याला घेऊन जाणार कोण? मीच ना? मग शिक्षा कुणाला आहे?" ती रोज मामाला डबा पोचवते.

कलम ६. हे कलम नंतर घातलं आहे. गेल्या रविवारी मुलगी दादाला माझ्याकडे घेऊन आली. दोन वर्षांपासून तो गोष्टी विसरतो हे मी ऐकून होते, पाहिलं नव्हतं. तो खुर्चीत बसला आणि त्याची नजर माझ्या हातांवर गेली. त्याने माझा पंजा आपल्या हातात घेतला, एकेक सांधा क्रमाने दाबून पाहिला. इतकं हलक्या हाताने मला आजवर कुणी तपासलं नाही.

"कधीपासून आहे हे?" त्याने विचारलं. "कुणाला दाखवलं नाही का?"

"दाखवलं होतं. घरातल्याच डॉक्टरला."

"मग त्याने सांगितलं काय?"

"काहीच नाही सांगितलं."

त्याचा चेहरा रागाने लाल झाला. "तो डॉक्टर कसला?" तो म्हणाला. "नाव सांग त्याचं."

मुलगी दारात उभी होती. ती तोंडावर पदर धरून आत गेली. मी नाव सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वकिलांना बोलावलं. मुलीला वाटलं, कलम ५ काढते आहे. तिने माझ्यासाठी चहा केला, बिस्किटं मांडली. मी कलम काढलं नाही. त्यातलं "बारा गुरुवार" रद्द समजून त्या जागी "दर गुरुवार, तो जिवंत असेपर्यंत" असं वाचावं, एवढं इथे घातलं. रिपोर्ट कुणाचा आणि अक्षर कुणाचं, हे तो विसरला असेल तर वर्गात नेण्याआधी मुलीने त्याला समजावून सांगावं. पुढच्या गुरुवारी पुन्हा सांगावं. मला नऊ वर्षं कळू दिलं नाही. त्याला दर आठवड्याला पहिल्यांदा कळू दे.

हा मजकूर मला वाचून दाखवला, मी तो ऐकला, एकही शब्द बदलायचा नाही.

स्थळ: दुकानावरची राहती जागा, खिडकीजवळची खुर्ची.
तारीख: या महिन्याची एकोणीस, गुरुवार. वर्ग सुटल्यावर.

लिहून ठेवणारीचा डाव्या हाताचा अंगठा. (उजवा शाईवर टेकत नाही.)

साक्षीदार १: शेजारचा चष्मेवाला. सही.

साक्षीदार २: सांध्यांच्या विभागातील नर्स. सही. सोबत त्यांच्याच अक्षरात: "अंगठा माझ्यासमोर उठवला, एवढ्यापुरतीच माझी साक्ष. कलम ५ आणि ६ मला मान्य नाहीत, आणि हे मी बाईंना तोंडावर सांगितलं आहे."