नववीचा धर्माचा तास

फुनाबोरी, तोक्यो
२२ एप्रिल २००६

ती. बाबांस,
मैथिलीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ई-मेल तुम्ही उघडत नाही, म्हणून पत्र. आम्ही दोघं ठीक आहोत. शैलेंद्रचं ऑफिस आता तोयोसूच्या नव्या टॉवरमध्ये गेलंय. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे, पण बघायला सवड नाही.

आता बातमी. हसू नका. आमच्या इंटरनॅशनल शाळेने मला नववीला धर्म शिकवायला सांगितलंय. होय, धर्म हा विषय. जगातले सगळे मुख्य धर्म, आठवड्याला दोन तास. तो शिकवणारे गृहस्थ मायदेशी परत गेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तू इतिहास शिकवतेस आणि शिवाय भारतीय आहेस, म्हणजे तुला माहीत असणारच. मला! तुमच्या मुलीला!

पहिल्या तासाला मी मुलांना आपापला धर्म विचारला. बहुतेक जपानी मुलांनी काही नाही म्हणून सांगितलं. आयाका नावाची मुलगी आहे, तिनेही तेच सांगितलं. मग बोलता बोलता म्हणाली, की आजी रोज सकाळी पहिला भात आजोबांच्या फोटोसमोर ठेवते आणि आयाका छोटी घंटा वाजवते. मी म्हटलं, अगं, मग हा धर्म नाही का? ती गोंधळून म्हणाली, नाही, ते आजोबा आहेत.

बाबा, यावर मी काय बोलायला हवं होतं?

लोभ कमी होऊ देऊ नका, एवढंच मागणं.

तुमची,
मैथिली


नाशिक
९ मे २००६

चि. मैथिलीस,
अनेक आशीर्वाद. जावईबापूंनाही.

हसू नका म्हणालीस, पण उशीर झाला होता. शेजारच्या सुप्रभाताई डबा घेऊन आल्या होत्या, त्यांना पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, जयंतीताई असत्या तर पेढे वाटले असते. तुझ्या आईने खरंच वाटले असते.

घाबरू नकोस. इतिहास शिकवतेस तसाच धर्म शिकव. कोण, कुठे, केव्हा, कोणता ग्रंथ, कोणता सण. खरं-खोटं करायला जाऊ नकोस. मी बत्तीस वर्षं बँकेत काढली, लोकांच्या श्रद्धेवर एकदाही शेरा मारला नाही. घरी मारले, ती गोष्ट वेगळी.

इकडे ऊन कडक आहे. गोदावरीला पाणी नाही, तरी घाटावर गर्दी आहेच. सगळं गाव क्रियाकर्मावर जगतं आणि मी त्या गावात पेन्शन खातो.

सहज विचारतो. तुझी आई संध्याकाळी दिवा लावताना काहीतरी पुटपुटायची. 'शुभं करोति' झाल्यावर आणखी दोन ओळी असायच्या. तुला आठवतात का? काही विशेष नाही.

पत्राला उशीर करू नकोस, आम्हा म्हाताऱ्यांना पोस्टमनशिवाय कोण येतंय!

तुझा,
बाबा


फुनाबोरी
११ जून २००६

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या सल्ल्याने पंधरा-वीस दिवस छान चाललं आणि मग फसलं. गीता नावाची मुलगी आहे, आपल्या अकोल्याकडची. तिने भर वर्गात विचारलं, मिस, यातलं तुम्ही काय मानता? मी खरं ते सांगितलं, की काहीच नाही.

तिने ते घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील, जयप्रकाश, शाळेत हजर. मुख्याध्यापिकांना म्हणाले, ज्याला पोहता येत नाही त्याने मुलांना पाण्यात उतरवू नये. त्यावर मुख्याध्यापिकांनी तोडगा काढला. मी पालकांना दोन ओळी लिहून द्यायच्या, की मी हिंदू आहे आणि माझी श्रद्धा आहे. नाहीतर सुट्टीनंतर तो वर्ग दुसऱ्याकडे, आणि मार्चनंतर माझ्या नोकरीचंही सांगता येत नाही.

शैलेंद्र म्हणतो, दे लिहून, तुझं काय जातंय? त्याच्या ऑफिसातले तानाका-सान नवीन वर्षाला देवळात जातात, लग्न चर्चमध्ये केलं, वडिलांचं सगळं बौद्ध भटजीकडून केलं आणि विचारलं तर धर्म नाही म्हणतात. कुणाचं काही अडत नाही. मला ते पटतंही आणि लिहायला घेतलं की हात चालत नाही. जन्माने आहे म्हणू? मानते म्हणू? मानत नाही हे तरी मी स्वतः ठरवलं होतं का, की तुमच्याकडून आयतं घेतलं? रागावू नका, खरंच कळत नाहीये.

आईच्या ओळी मला आठवत नाहीत. त्या वेळी मी बाहेरच्या खोलीत तुमच्याजवळ पेपर वाचत बसलेली असायची. तुम्ही का विचारलंत?

उत्तराच्या वाटेकडे डोळे.

मैथिली


नाशिक
२९ जून २००६

चि. मैथिली,
आशीर्वाद.

का विचारलं ते सांगतो. दिवाळीत सुप्रभाताई मुलाकडे गेल्या होत्या. तोवर देव्हाऱ्यातला दिवा त्याच लावून जात. त्या नाहीत म्हटल्यावर स्वयंपाकघर अंधारं वाटायला लागलं, म्हणून मी लावला. त्या परत आल्या तेव्हा त्यांना सांगितलं, की राहू द्या, मी बघतो. तेव्हापासून रोज लावतो. हात जोडत नाही. मागत नाही, मानतही नाही. नुसता उभा राहतो आणि त्या दोन ओळी येत नाहीत म्हणून अवघडतो. तुझ्या पुस्तकात याला काही नाव असलं तर कळव.

मी रागावलो नाही. तू विचारलंस त्याचं उत्तर माझ्याकडेही नाही. मला सगळं स्वच्छ दिसतं अशी माझी समजूत होती, ती गेल्या वर्षात ढिली झाली आहे. म्हणून सल्ला देत नाही. फक्त वाटतं, त्या जयप्रकाशांना एकदा भेट. ऑफिस टाकून माणूस शाळेत येतो, त्याला काहीतरी टोचत असणार.

जेवणाची आबाळ करू नकोस. आठवण असू दे.

बाबा


फुनाबोरी
१६ जुलै २००६

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पुस्तकात शोधलं. तुमच्या उभं राहण्याला नाव नाही.

जयप्रकाशांना स्टेशनजवळ कॉफीला भेटले. तावातावाने आले आणि पाच मिनिटांत निवळले. म्हणाले, मॅडम, पोरगी मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर देते. घरी पूजा केली की का म्हणून विचारते. मला कसं करायचं ते येतं, का ते येत नाही. वाटलं, शाळा सांगेल, तर शाळेने तुम्हाला पाठवलं! मला हसू आलं आणि त्यांनाही.

मी मुख्याध्यापिकांना सांगून टाकलं, की दोन ओळी लिहून देणार नाही. वर्ग काढायचा तर काढा, पण त्याआधी एकदा जयप्रकाशांना तासाला बसू द्या. त्या तयार झाल्या.

परवा तो तास झाला. विषय होता, माणूस गेल्यावर लोक काय करतात. जयप्रकाश टाय लावून मागच्या बाकावर बसले होते. आयाकाने वळून त्यांनाच विचारलं, तुमच्याकडे आजोबांना भात कुठे ठेवतात? ते म्हणाले, नदीकाठी, कावळ्यासाठी. वर्ग खो खो हसला. इथे कावळा म्हणजे कचऱ्याच्या पिशव्या फाडणारा! जयप्रकाश लालबुंद झाले.

तेवढ्यात गीता उभी राहिली. एरवी वडिलांच्या शेजारून चालायलाही लाजणारी मुलगी. आधी इंग्रजीत, अडेल तिथे जपानीत सांगायला लागली. चार वर्षांपूर्वी तिचे आजोबा गेले, तेव्हा ती घाटावर गाडीपाशी उभी होती. दहाव्या दिवसाचा पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. सगळे एकेक वचन द्यायला लागले, की आजीला सांभाळू, आत्याचं लग्न करू. कावळा झाडावरून हलेना. उन्हं डोक्यावर आली. शेवटी पप्पा हात जोडून म्हणाले, की मी जपान सोडून कायमचा घरी येतो. आणि कावळा खाली आला.

मग ती म्हणाली, आम्ही अजून गेलेलो नाही.

कुणी हसलं नाही. जयप्रकाश मान खाली घालून बसले होते. आपण काय बोललो ते मुलीने ऐकलं होतं, हे त्यांना त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. बाहेर पडताना ते गीताशी हळू आवाजात बोलत होते, मराठीत. तीही मराठीतच बोलत होती, मोडकंतोडकं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापिकांना फोन करून सांगितलं, की बाई बदलू नका. वर्ग माझ्याकडे राहिलाय. मार्चचं मार्चमध्ये बघू.

मी काय शिकवलं, मला सांगता येणार नाही. कावळ्याला जपान कळतं असं मी मानत नाही. पण तो माणूस चार वर्षं त्या शब्दाखाली वाकलाय, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

बाबा, आईचं आपण काहीच केलं नाही. तुम्ही नको म्हणालात, मीही त्याला हो म्हटलं. ते चूक होतं असं मला अजूनही वाटत नाही. बरोबर होतं असंही आता ठामपणे म्हणता येत नाही. वीस ऑगस्टला वर्ष होतं. मला सुट्टी आहे, तिकीट काढलंय. शैलेंद्रला रजा नाही, मी एकटीच येते. त्या दिवशी काय करायचं ते तुम्ही ठरवून ठेवू नका, मीही ठरवून येत नाही. सकाळी दोघं घाटावर जाऊ. काही सुचलं तर करू, नाही सुचलं तर चहा पिऊन परत येऊ.

विमानतळावर येऊ नका. येऊ नका म्हटलं तरी याल, हे मला ठाऊक आहे. भेटीअंती बाकीचं.

तुमची,
मैथिली