चिठ्ठी नसलेला डबा

पनवेल,
रविवार, ३ एप्रिल १९९४

प्रिय रमा,

निनादच्या पत्त्यावर माझ्या अक्षरातलं पाकीट बघून तू आधी घाबरली असशील. घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. लग्नाला चोवीस वर्षं झाली आणि हे माझं तुला पहिलं पत्र, हे मलाही शाई भरताना लक्षात आलं. निनादच्या वेळी तू बाळंतपणाला माहेरी गेलीस तेव्हासुद्धा मी फक्त एक कार्ड टाकलं होतं, त्यात डाग द्यायची कथलाची तार कुठे ठेवलीस एवढंच विचारलं होतं. ते पत्र धरायचं असेल तर हे दुसरं. फोन करणार होतो, पण नाक्यावरच्या बूथमध्ये मागे चार माणसं उभी असतात आणि समोर आकडे पळतात. मला जे सांगायचंय ते तसं घाईत सांगता येणार नाही.

तुझी अट मला तोंडपाठ आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आळीतल्या बायका आल्या आणि घरात कुणालाच टेकायला जागा नव्हती. पलंगावर तीन रेडिओ उघडे पडलेले, खुर्चीत पंख्याची मोटार, आणि जमिनीवर मी एका मिक्सरचं पोट फाडून बसलेलो. तू ताट घेऊन दारात उभी राहिलीस आणि पायरीवरच एकेकीला कुंकू लावून, वाण देऊन वाटेला लावलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याची एस.टी. पकडताना म्हणालीस, "दारापासून ओट्यापर्यंत खाली न बघता चालता येईल, तेव्हा कळवा." मला वाटलं होतं रागावून जाते आहेस. तू रागावलेली नव्हतीस. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आवरायला लागलो फेब्रुवारीत, आणि पहिलाच आठवडा वाया घालवला. मी काय केलं असेल, ओळख. सगळे स्क्रू एकत्र केले. मग त्यांची लांबीप्रमाणे वर्गवारी केली, मग आट्यांप्रमाणे. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात एकतीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाचं डोकं असंच चालायचं. पाचव्या दिवशी शेजारचे कमळाकर डोकावले, स्क्रूंच्या त्या एकवीस वाट्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "दिनानाथराव, वहिनींना हे दाखवायला बोलावणार आहात का?" मी खाली बघितलं. दारापासून ओट्यापर्यंत आता वाट्याच वाट्या होत्या. पूर्वी निदान उडी मारून जाता यायचं.

मग कमळाकरांनीच तोडगा काढला. माझी पेचकसांची पेटी त्यांनी आपल्या कपाटात नेऊन ठेवली. घरात एकही वस्तू उघडायची नाही, फक्त ज्याची त्याला परत द्यायची. तुला खरं सांगतो, बिडी सोडताना इतका त्रास झाला नव्हता. माळ्यावरून एक इस्त्री निघाली, हलवली की आत काहीतरी खुळखुळायचं. दोन दिवस मी त्या इस्त्रीभोवती घुटमळत होतो. आत काय असेल? सुटलेला खिळा, का पिनेचा तुकडा, का कुणा पोराने घातलेला चिंचोका? शेवटी न उघडताच मालकाला परत दिली. आत काय होतं ते मला आता जन्मात कळणार नाही.

एक गोष्ट मात्र मी पहिल्यापासून नीट केली होती, ती म्हणजे चिठ्ठी. वस्तू आली की सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधायचा, त्यावर नाव, गाव आणि तक्रार. काशिराम, नेरे, खरखरतो. तुळशीराम, करंजाडे, गरम होतो पण फिरत नाही. त्यांना तेव्हा काय सांगितलं हे लिहायची गरज नव्हती, कारण मी सगळ्यांना एकच सांगायचो, दोन दिवसांनी या. खोटं नाही गं बोलायचो. मला खरंच तसं वाटायचं. वस्तू उघडायची, बिघाड कुठे आहे ते शोधायचं, आणि एकदा का तो सापडला की माझं कुतूहल संपायचं. मग ती परत बंद करायचा कंटाळा यायचा, तोवर दुसरं कुणीतरी दुसरी वस्तू घेऊन दारात उभं असायचं. पैसे घेत नसल्यामुळे कुणी भांडायलाही येत नसे. या घरातली प्रत्येक अडगळ म्हणजे मला कळलेला एकेक बिघाड आहे, हे मला माळा रिकामा करताना उमगलं.

सायकलला पिशव्या लावून मी सव्वा महिना गावोगाव फिरलो. तुळशीरामला त्याचा पंखा आठवतच नव्हता. नेऱ्याच्या काशिरामकडे तो खरखरणारा रेडिओ घेऊन गेलो तेव्हा त्याच्या ओटीवर टी.व्ही. चालू होता. मी ओशाळून म्हटलं, वाजत नाही, तसाच आणलाय, टाकून दिलास तरी चालेल. तर म्हणाला, "टाकू कसा सायेब? आयचा हाय तो. वाजला नाय तरी घरात पायजे." त्याने तो पंच्याने पुसला आणि टी.व्ही.च्या शेजारी ठेवला. त्याची आई जाऊन आता सहा वर्षं झाली. ती गेली तेव्हा तिचा रेडिओ माझ्या पलंगाखाली होता. परत येताना चढ नसतानाही मला सायकल जड लागत होती.

आता त्या डब्याबद्दल लिहितो. फडताळाच्या अगदी तळाशी, तुझ्या जुन्या पाट्यावरवंट्याच्या मागे, वनस्पती तुपाचा एक मोठा डबा निघाला. त्याला चिठ्ठी नव्हती. रमा, माझ्या आयुष्यात चिठ्ठी नसलेली ही पहिली वस्तू. आत काय, तर नाण्याएवढ्या गोल पांढऱ्या चकत्या, त्यांच्यावर आकडे, त्यांच्याखाली लोखंडाच्या बारीक पट्ट्या, पंचवीस-तीस स्प्रिंगा, आणि गंजलेल्या तारेचं एक वेटोळं. मला वाटलं टाईपरायटर. टायपिंगच्या क्लासमध्ये घेऊन गेलो, तर तिथल्या बाई हसल्या. म्हणाल्या, अहो, याच्यावर अक्षरं कुठायत? मग वाटलं बेरजेचं यंत्र असेल. पण बेरजेच्या यंत्राला तार कशाला? तीन दिवस मला दुसरं काही सुचेना. वडाळे तळ्यावर फिरायला गेलो तरी खिशात एक चकती असायचीच. शेवटी कमळाकरांच्या हातापाया पडून एक पेचकस, फक्त एकच, सोडवून आणला.

पट्ट्या ओळीने लावल्या तर त्यांना बसायला लाकूड हवं, हातभर लांब आणि दोन्ही कडांना भोकं असलेलं. ते डब्यात नव्हतं. मी घरभर शोधलं. मग चहा टाकायला उठलो आणि माझं लक्ष माझ्याच टेबलावरच्या फळीकडे गेलं. ज्या फळीवर मी इतकी वर्षं डाग देत आलो, जिच्यावर कथलाचे थेंब आणि जळक्या खुणा आहेत, त्या फळीच्या कडेला भोकांची ओळ होती. ती भोकं मी रोज बघत होतो. कशाची, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता, मला! पट्टी लावून बघितली तर भोकात अचूक बसली. तास-दीड तासात सगळं उभं राहिलं. ते बुलबुलतरंग होतं, कळा दाबून तारा छेडायचं वाद्य.

ते कुणाचं, हे मात्र कळेना. आळीतल्या दारोदारी विचारलं, देवळातल्या भजनी मंडळात दाखवून आलो. कुणीच आपलं म्हणेना. गेल्या मंगळवारी ते पायरीवर उन्हात ठेवलं होतं आणि आपली गंगाबाई पाटी घेऊन आली. मासळी दाखवायच्या आधीच तिने पाटी खाली ठेवली. म्हणाली, "भाऊ, ह्यो तं वयनीचा बाजा! आमची कीर्ती पोटात व्हती तवा मी पयल्यांदा या आळीत आले. दुपारची वयनी दारात बसून वाजवायची. मी तितंच बसून रायची, मासं इकायचं बाजूलाच. मंग यक दिवस आले त बाजा नाय. इचारलं त वयनी म्हनली, दोन कळा आडकत व्हत्या, ह्यांनी उघडलाय, दोन दिवसांनी लावून देतील." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमाला ठावं नाय?"

कीर्तीला आता तिसरं मूल आहे. मी गंगाबाईपुढे ताटली धरली. तिने दोन बोंबील जास्त घातले आणि गेली, त्यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते समज.

मी आठवायचा फार प्रयत्न केला. तू ते माझ्या हातात कधी दिलंस, मी काय म्हटलं, तू कोणतं लुगडं नेसली होतीस. काही म्हणजे काही आठवत नाही. काशिरामचा रेडिओ कोणत्या पावसाळ्यात आला ते मी सांगू शकतो. तुझ्या वस्तूला मी चिठ्ठीसुद्धा लावली नाही, कारण ती घरचीच होती, तिचा मालक कुठे पळून जात होता! दारावर आलेल्या प्रत्येक माणसाचं काम मी तुझ्या कामाच्या पुढे ठेवलं आणि तू दर वेळी त्या माणसाला चहा करून दिलास. तुझ्या बाजाच्या फळीवर मी तुझ्या डोळ्यांसमोर वीस-बावीस वर्षं डाग देत बसलो. त्या टेबलावर तू रोज माझ्यासाठी चहा आणून ठेवायचीस. तू ती फळी ओळखत होतीस ना? ओळखतच असणार. मला लाज वाटते रमा, हे सरळच लिहितो.

घराचं म्हणशील तर ते आवरलंय. शेवटची वस्तू काल गेली. पलंगावर आता फक्त गादी आहे. जमीन कोणत्या रंगाची आहे हे मी विसरलो होतो, ती लाल आहे. आज सकाळी मी दारापासून ओट्यापर्यंत डोळे मिटून चाललो, बारा पावलं, कशालाही पाय लागला नाही. पुढच्या सोमवारी पाडवा आहे, गुढी उभारायला ये, असं लिहून पत्र संपवायचं ठरवून मी बसलो होतो. कमळाकरांनाही तसंच सांगितलंय.

पण ते मी लिहीत नाही. ये म्हणायचा हक्क मला वाटेतल्या वस्तू उचलल्या म्हणून मिळत नाही, एवढं मला मंगळवारपासून कळलंय. तुझा बाजा मी नीट केलाय. अडकणाऱ्या कळा चौथी आणि अकरावी होत्या, पट्ट्यांना जरा कानस मारायची होती, वीस मिनिटांचं काम निघालं. फळीवरचे डाग घासले, पण जळक्या खुणा जात नाहीत, त्या राहतील. त्याला चिठ्ठी बांधली आहे. रमा, पनवेल, दोन कळा अडकतात. तारा नव्या आणल्या आहेत, पण सुरात लावलेल्या नाहीत, कारण तुझा सूर कोणता ते मला माहीत नाही. दुनियेच्या वस्तू उघडून आत काय आहे ते बघत बसलो आणि दुपारी माझ्या घरात कोण काय वाजवत होतं याची मला चौकशीच नव्हती. पाडव्याला तू ये किंवा येऊ नकोस, नाहीतर बाजा घेऊन पुण्याला या म्हण, मी येईन. मला फक्त एक विचारायचंय आणि त्यासाठीच हे पत्र लिहिलं. गंगाबाईला विचारलं तर ती म्हणाली, गानं नाय ठावं, पन उठावंसं वाटत नसे. म्हणून आता तुलाच विचारतो. रमा, तू काय वाजवायचीस?

तुझाच, उशिरा का होईना,
दिनानाथ